नाव घेऊन केलेली प्रार्थना

नाताळ अंकासाठी तुमच्या सेवेचे अनुभव लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना काय हवं आहे ते मला लगेच कळलं. म्हाताऱ्यानं तरुणाचा हात धरला, तरुण सावरला, देवाची स्तुती असो. अशा गोष्टी माझ्याकडे आहेत. एक सांगणारही आहे. पण ज्या गोष्टीनं मला माझं काम शिकवलं ती अशी नाही. ती सांगताना मान खाली जाते, आणि ती टाळून बाकीच्या सांगितल्या तर मी खोटी पडेन.

आधी काम काय ते सांगते, कारण मंडळीबाहेरच्या, म्हणजे आमच्या चर्चबाहेरच्या माणसाला ते पटकन कळत नाही. मंडळीतल्या पुष्कळांनाही कळत नाही. मी परभणीत राहते आणि जिल्ह्यातल्या छोट्या छोट्या मंडळ्यांमध्ये जोड्या लावते. एकदा पिंगळीच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना शेजारच्या बाईंनी काम विचारलं. मी म्हणाले, जोड्या लावते. त्यांनी लगेच पिशवीतून पुतण्याचा फोटो काढला आणि मुलगा निर्व्यसनी असल्याचं सांगून माझा दर विचारला. त्यांना समजावेपर्यंत गाडी आली. फोटो त्यांनी नाइलाजानं पिशवीत परत घातला.

तर लग्नाच्या नव्हेत. एक वयस्क विश्वासी आणि एक तरुण, अशा जोड्या. आठवड्यातून एकदा दोघांनी तासभर भेटायचं. कुठंही भेटा, शेताच्या बांधावर, दुकानाच्या फळीवर, दवाखान्याच्या ओट्यावर. बायांसोबत बाया, पुरुषांसोबत पुरुष. वयस्कानं कमी बोलायचं, हा पहिला नियम आणि सगळ्यात अवघड. उधार-उसनवार करायची नाही. स्थळ सुचवायचं नाही. शेवटी दोघांनी एकमेकांसाठी प्रार्थना करायची. बायबलमधले जुने प्रेषित तरुण सेवकांना सोबत घेऊन गावोगाव फिरले; एकत्र चालले, एकत्र जेवले, एकत्र मार खाल्ला. विश्वास असाच एका हातातून दुसऱ्या हातात जातो. पुलपिटावरून, उपदेशाच्या व्यासपीठावरून, फेकला तर तो पहिल्या दोन बाकांपर्यंतच पोचतो, हे माझं मत होतं आणि आजही आहे.

माझी मतं पक्की असतात. त्याला कारण आहे. माझे वडील जिंतूरच्या आठवडी बाजारात पत्रिका वाटायचे. सुवार्तेच्या, दारूबंदीच्या, हुंड्याच्या विरोधातल्या. कापडी पिशवी खांद्याला, आणि बाजूला मी, पत्रिकांच्या घड्या घालायला. शाळेच्या पुस्तकांआधी मी पत्रिका वाचायला शिकले. पत्रिकेत ‘कदाचित’ हा शब्द नसतो. ‘मला वाटतं’ नसतं. तिथं प्रत्येक वाक्य उभं राहून बोलतं आणि शेवटी वाचणाऱ्याला विचारतं, तू कुठल्या बाजूला आहेस? कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच लिहायला लागले. आपल्या लग्नांत मांडवामागं चालणाऱ्या दारूवर लिहिलं. धर्म बदलला तरी चर्चच्या बाकांवर बसताना जुनी जात बदलली नाही, त्यावर लिहिलं. ती पत्रिका पाळकसाहेबांनी चर्चच्या दारात वाटू दिली नाही म्हणून मी रस्त्यावर उभी राहून वाटली. त्याची मला लाज नाही. लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची.

या कामावर घेतलं तेव्हा मी सगळ्यात आधी वयस्कांचं शिबिर घेतलं. चाळीसेक डोकी होती, बहुतेक पांढरी. जोडी कशी चालवायची ते सांगता सांगता मी प्रार्थनेवर आले. आमच्याकडे मोठ्यानं प्रार्थना करायची रीत आहे, आणि जुन्या माणसांच्या प्रार्थना एका साच्यातल्या असतात. हे प्रभू, सगळ्या आजाऱ्यांना बरं कर. सगळ्या प्रवाशांना सांभाळ. सगळ्या तरुणांना सुबुद्धी दे. मी त्यांची नक्कल केली. चांगली साधली. लोक हसले तशी मला आणखी धार चढली. मी म्हणाले, नुसतं ‘सगळ्यांना’ म्हणणं म्हणजे पत्त्यावर ‘महाराष्ट्र’ एवढंच लिहून पत्र पेटीत टाकणं. मोघम मागू नका. नाव घ्या. काय दुखतंय ते सांगा. देवापुढं झाकाझाकी कशाची करता?

पुढच्या रांगेत एक बाई हसत नव्हती. ती मान हलवत होती, एकेक शब्द पाठ करत असल्यासारखी. त्या मार्थाआत्या. जिंतूरला मुलींच्या वसतिगृहात त्यांनी आयुष्यभर स्वयंपाक केला. नवरा लवकर गेला, मूल नाही. वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुली अजून त्यांना आत्याच म्हणतात, म्हणून सगळं गावही तेच म्हणतं.

जोडी लावणं हे कसबाचं काम आहे. सारख्याला सारखं लावलं तर दोघं एकमेकांकडे आरशात बघितल्यासारखं बघत बसतात. दाऊदमामा एसटीत कंडक्टर होते. त्यांना मी एक असा मुलगा दिला जो दिवसभर मोबाइलवर स्वतःच्या नाचाचे व्हिडिओ करायचा. सगळे म्हणाले, ही जोडी आठवडाभर टिकणार नाही. पहिल्या भेटीत मामांनी त्याच्याकडून तिकीट मागितल्यासारखा मोबाइल मागितला आणि खिशात घातला. मुलगा निमूट बसला. दुसऱ्या भेटीत मामांनी तो परत दिला आणि म्हणाले, “आता माझा एक काढ. पण नाचनार न्हाई, नुसता उभा ऱ्हातो.” पुढं त्या मुलाला पोलीस भरतीची तयारी करायला पहाटे उठवायचं काम मामांनी केलं. मुलगा भरती झाला नाही. पण अजून पहाटे उठतो, आणि मामांना दवाखान्यात तोच नेतो. या जोडीची मी प्रत्येक अहवालात वाट्टेल तेवढी स्तुती लिहिली आहे.

मार्थाआत्यांना मी करुणा दिली.

करुणा तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. हुशार, कमी बोलणारी, गळा गोड. संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवायची आणि मुलं तिच्यावर जीव टाकायची. तिचे वडील शामुवेल सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे पंच. त्यांच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना करुणा करायची. तिला बोलता यायला लागल्यापासून. सर पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगायचे की आमच्या घरची पाळक हीच.

मी विचार केला तो असा. मुलगी पुस्तकांतली, आत्या चुलीजवळची. एकीला शब्द जास्त, दुसरीला दिवस जास्त. जमेल. आणि जमलंही. करुणा दर शनिवारी आत्यांच्या घरी जायची. आत्या भाजी निवडायच्या, ही समोर बसायची. मी विचारलं की आत्या म्हणायच्या, “बोलतीय. हळूहळू बोलतीय. घाई न्हाई.” यापेक्षा जास्त त्या मला सांगत नव्हत्या आणि मीही विचारत नव्हते.

ती काय बोलत होती ते मला नंतर खुद्द करुणानंच सांगितलं. तिला प्रार्थना येईनाशी झाली होती. शब्द यायचे, सवयीनं यायचे, पण ऐकणारं कुणी आहे असं वाटत नव्हतं. डोळे मिटले की नुसतं मिटल्यासारखं वाटायचं. रविवारी मुलांना गोष्ट सांगायची आणि घरी येऊन अंथरुणावर पडून राहायची, चोरी केल्यासारखी. घरी सांगणं शक्य नव्हतं. वडिलांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर उभं होतं. पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी उपदेश केला असता. कितीतरी शनिवार इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदा ते तिनं आत्यांना सांगितलं.

आत्यांनी काय केलं? निवडलेली भाजी बाजूला सारली आणि तिचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, रोज सांजच्याला येत जा, चहाला. बस. करुणा मला म्हणाली, ताई, त्या रात्री मला पुष्कळ दिवसांनी नीट झोप लागली.

इथंच गोष्ट थांबली असती तर ती संपादकांच्या उपयोगाची झाली असती.

बुधवारची प्रार्थनासभा घरोघरी फिरते. त्यानंतरच्या एका बुधवारी ती शामुवेल सरांकडे होती. मी मुद्दाम परभणीहून गेले होते, जोड्या कशा चालल्यात ते बघायला. सतरंजी अंथरलेली, पेटी, पंधरा-वीस माणसं. गीत झालं, वचन झालं, मग साखळी प्रार्थना. म्हणजे सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि एकामागून एक मोठ्यानं प्रार्थना करायची. आत्यांची पाळी आली. पूर्वी त्या दोन-चार ओळींत आटपायच्या, सगळे आजारी आणि सगळे प्रवासी. त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता.

“हे बापा, मी आज मोघम मागनार न्हाई. तुझी लेक करुणा, शामुवेल सराची, तिच्यासाठी मागायले. लेकराला तू दिसंना झालास, बापा. तुझं नाव घेती पन आत काईच वाजत न्हाई म्हनती. पोरांना शिकवती अन् घरी येऊन रडती. तू तिला सोडू नको. माझा इस्वास घे, निम्मा तिला दे.”

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला कित्येक महिने लागले. पहिलं वाक्य ऐकलं तेव्हा मला आनंद झाला. मोघम मागणार नाही, हे माझे शब्द होते. दुसरं वाक्य आलं, नाव आलं, तेव्हा मी मनात म्हटलं, शिकल्या. माझ्या शिबिरातून शिकल्या. तिसऱ्या वाक्याला मी मोठ्यानं ‘होय प्रभू’ म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी एखाद्या मास्तरणीसारखी, पाठ बरोबर म्हणणाऱ्या विद्यार्थिनीला मान डोलवून दाद देत होते. काय बोललं जातंय ते माझ्या कानांत शिरलं ते पोरांना शिकवती आणि रडती यापाशी. मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले होते. फक्त आतल्या दारात करुणा उभी होती, हातात चहाचा ट्रे, आणि तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडेच बघत होती.

प्रार्थना मध्येच तोडता येत नाही, असं कुणी म्हणेल. येते. आमच्याकडे त्याची सभ्य युक्ती आहे. कुणाची प्रार्थना फार लांबली की एखादी बाई हळूच गीताची पहिली ओळ धरते, बाकीचे उचलतात, आणि बोलणारा आमेन म्हणून थांबतो. दाऊदमामांच्या प्रार्थना मी स्वतः अशा दोन-चारदा थांबवल्या आहेत. त्या दिवशीही ओळ धरता आली असती. मी धरली नाही. आत्या पूर्ण बोलल्या. सगळ्यांनी आमेन म्हटलं. शामुवेल सरांनीही म्हटलं. त्यांचा आवाज कसा निघाला ते मी सांगू शकत नाही.

मग चहा झाला. करुणानंच दिला. सगळे नेहमीपेक्षा लवकर उठले.

सर ओरडणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी मुलीला काही विचारलं नाही. रात्री जेवायला बसल्यावर करुणानं सवयीनं हात जोडले, तर सरांनी तिच्या आधी प्रार्थना सुरू केली. त्या दिवसापासून ते स्वतःच करायला लागले. रविवारी संडे स्कूलचा वर्ग दुसऱ्या मुलीकडे गेला. कारण सांगितलं, परीक्षा जवळ आली. मंडळीतल्या बाया करुणाच्या डोक्यावर हात ठेवून जायच्या, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. एकीनं तिच्यासाठी उपास धरला आणि तो धरल्याचं तिला सांगितलं.

आणि मी काय केलं? मी संतापले. आत्यांवर.

दोन दिवसांनी जिंतूरला जाऊन मी त्यांच्या अंगणात उभी राहिले. शेजारच्या दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर. मी चपला काढल्या नाहीत, बसले नाही. म्हणाले, एका मुलीनं विश्वासानं सांगितलेलं तुम्ही गावभर केलंत. जोडी म्हणजे काय हे तुम्हाला कळलंच नाही. आजपासून तुमची जोडी बंद. आणखीही बोलले. मला बोलता येतं, हे वर सांगितलंच आहे.

आत्या चुलीवरचं काहीतरी तसंच सोडून बाहेर आल्या होत्या. पदरानं हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “गावभर कुठं केलं? मी कोनाला बोलले? देवाला बोलले की.”

मी म्हणाले, वीस माणसांत बोललात.

“माय, तुमीच म्हनलात न्हवं, नाव घ्या, काय दुखतंय ते सांगा, देवाम्होरं झाकू नका. मला तर आदी मनातल्या मनात मागायची सवय. तुमी म्हनलात ते मोघम हाय. मी घरी आठ-आठ दिस म्हनून बगितलं. लेकरासाठी नीट मागता यावं म्हनून.”

शेंगा सोलणाऱ्या दोघींचे हात थांबले होते. मला उत्तर सुचलं नाही. म्हणून मी उत्तर लिहून काढलं. परभणीला आल्यावर एका बैठकीत पत्रिका लिहिली. ऐकलेलं पोटात ठेवा, असा मथळा. जिच्या तोंडाला झाकण नाही तिच्या हातात लेकरू देऊ नका, असं एक वाक्य. वाक्य चांगलं झालंय असं वाटून मी ते पुन्हा वाचलं होतं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांची परवानगी काढून ती पत्रिका जिंतूरच्या उपासनेत मी स्वतः वाचली. नाव घेतलं नाही. गरज नव्हती. ते वाक्य आलं तसं बायांच्या बाजूची सगळी डोकी दुसऱ्या बाकाकडे वळली. तिथं आत्या समोर बघत बसल्या होत्या.

करुणाचं दुखणं त्यांनी चार माणसांत काढलं, ते प्रेमानं. मी त्यांचं अज्ञान भर उपासनेत काढलं, ते माझं स्वतःचं झाकायला.

त्यानंतर मार्थाआत्यांनी मोठ्यानं प्रार्थना करणं सोडलं. साखळी फिरत त्यांच्यापाशी यायची आणि तिथं शांतता व्हायची. पहिल्यांदा लोकांना वाटलं, शब्द जुळवत असतील. मग शेजारच्या बाईला कळलं की आपण सुरू करायचं. करुणानं मंडळीत येणं सोडलं नाही, वडिलांसाठी येत राहिली, पण आत्यांच्या घरी जाणं थांबलं. मी जोडी बंद केली होती ना. परीक्षा झाल्यावर ती देवगाव फाट्याजवळच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायला लागली. जिंतूरहून रोज जा-ये.

तिला भेटायला मी फाट्यावर गेले तेव्हा सोयाबीन निघालं होतं, रस्त्याच्या कडेनं मळणीयंत्रं उभी होती. शाळा सुटायच्या वेळी मी हॉटेलच्या बाकड्यावर बसले. ती आली, मला पाहून थबकली, मग समोर बसली. दोन चहा तिनंच सांगितले. मी बसमध्ये जुळवून आणलेलं सगळं बोलून टाकलं. शिकवलं मी, चुकले मी, बोल मात्र आत्यांना लावला. येत्या रविवारी जिंतूरला उपासनेत उभी राहून हे सगळं जाहीर सांगणार आहे. क्षमा मागणार आहे, तुझी आणि आत्यांची, सगळ्यांसमोर.

करुणानं कप खाली ठेवला.

“ताई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीला माणसं लागतात का हो?”

उत्तराची वाट न बघता तीच पुढं म्हणाली,

“सगळ्यांसमोर म्हणजे माझं नाव परत निघणार. आत्ता कुठं बाया मला नुसतं ‘कशी आहेस’ विचारायल्यात. तुम्ही उभ्या राहणार, रडणार, लोक म्हणणार किती मोठं मन. आणि मग सगळे वळून माझ्याकडं बघणार.” ती शांतपणे बोलत होती, वर्गात समजावून सांगावं तशी. “आत्याशी बोलायचं असेल तर तिच्या घरी जाऊन बोला. आणि बसून बोला. त्या दिवशी तुम्ही बसला पण नव्हता म्हणे.”

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

“आत्यानंच. इथं येते ती. एसटीला तिला निम्मं तिकीट लागतं, म्हणते फुकटच पडतं. इथंच बसते तुमच्या जागी. पहिल्यांदा आली तेव्हा एवढंच म्हणाली की तुला दुखवायचं नव्हतं. मी म्हटलं, माहीत आहे. मग बस येईपर्यंत बसलो दोघी.”

माझ्या जोडीबंदीला त्या दोघींनी विचारलंही नव्हतं. तिची बस आली. चढताना ती म्हणाली, “चहाचे मी दिलेत.”

आत्यांकडे जायला मला पुढचे दोन आठवडे लागले. मी घाबरले होते. शंभर माणसांसमोर उभी राहताना मी कधी घाबरले नाही. एका बाईसमोर बसायचं म्हणून घाबरले. गेले तेव्हा त्या भाकरी करत होत्या. मी चपला काढल्या, आत जाऊन चुलीजवळ बसले. काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मला वाक्यं फुटेनात. तुम्ही नीट शिकलात, मीच वाईट शिकवलं, एवढं कसंबसं म्हटलं. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. की तुम्ही प्रार्थना करत होता तेव्हा मला आनंद होत होता, आत्या. मी करुणासाठी आमेन म्हणत नव्हते, माझ्यासाठी म्हणत होते.

आत्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगू दिली.

“तुजी जोडी कोन गं?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं.

मी म्हणाले, मला कुणी नाही. मी लावणारी आहे.

“व्हय, ते दिसायलंय.” त्यांनी ताटलीत भाकरी घातली, वर तिखट आणि तेल. “जेव. अन् हे आत्ता बोललीस ते माज्या तोंडातून बाहेर जानार न्हाई. जिवाला घोर लावून घेऊ नको.”

मी ती भाकरी खाल्ली. माझं गुपित त्यांनी राखलं. मी मागितलं नव्हतं तरी, आणि मी त्यांचं काहीच राखलं नव्हतं तरी. आत्यांनी नाही सांगितलं; इथं मीच सांगते आहे, कारण या सगळ्या प्रकरणात तेवढंच माझ्या मालकीचं आहे.

आता शिबिरांत मी नक्कल करत नाही. मोघम प्रार्थनेला हसत नाही. ‘सगळ्या तरुणांना सांभाळ’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कितीजण त्या ‘सगळ्या’ शब्दाच्या मागं एकेकाचं नाव झाकून ठेवत असतील, याचा मी तेव्हा विचारच केला नव्हता. ज्यांना मी जुनाट म्हणत होते त्यांनी ती रीत कदाचित याचसाठी सांभाळली असेल. ‘कदाचित’ हा शब्द मी वापरायला शिकते आहे. दर पंधरवड्याला जिंतूरला जाऊन आत्यांच्या चुलीजवळ बसते. जोड्यांच्या यादीत ही जोडी नाही.

सगळं नीट झालं असं मात्र लिहिता येणार नाही. मार्थाआत्या बुधवारच्या सभेत अजून मोठ्यानं प्रार्थना करत नाहीत. त्यांची पाळी येते, सतरंजीवर सगळे डोळे मिटून थांबतात, आणि ती शांतता संपेपर्यंत माझी नजर खाली असते. शामुवेल सर माझ्याशी नमस्कारापुरतं बोलतात. ते बरोबर आहे. मी त्यांच्या घरात बसून, त्यांच्या मुलीचं काळीज उघडं पडत असताना ‘होय प्रभू’ म्हटलं होतं.

हे लिहिलेलं अंकाला पाठवण्याआधी मी दोघींना वाचून दाखवलं, घरात बसून, दार लोटून. नावं बदलली आहेत, ओळखता येईल असं आणखीही काही बदललं आहे. आत्यांनी एकच हरकत घेतली. त्यांची प्रार्थना एवढी लांब नव्हती, दाऊदची लांब असती, असं त्या म्हणाल्या. मी चार ओळी काढल्या. करुणा शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली की हे छापायला तिची हरकत नाही, पण एक अट आहे.

वाचणाऱ्यांना आता तिच्याविषयी एक प्रश्न पडला असेल. तिला प्रार्थना येते का? ऐकणारं कुणी आहे असं तिला वाटतं का? अशा लेखांच्या शेवटी त्याचं उत्तर असतं, आणि उत्तर नेहमी ‘हो’ असतं. तिचं उत्तर मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात फाट्यावरच्या त्याच बाकड्यावर, बसला उशीर झाला होता तेव्हा, तिनं आपणहून मला सांगितलं.

ते मी लिहिणार नाही.